रेकॉर्डवरचे

कायद्याचं पुस्तक विचारतं, काय केलंस? गुन्हेगारीशास्त्राचं पुस्तक विचारतं, का केलंस? आणि चौकीतला हवालदार विचारतो, राहायला कुठं बे?

या तिसऱ्या प्रश्नावर आमच्याकडं पेपर नाही. पण दोन्ही पुस्तकं एकाच वेळी वाचणाऱ्याला तो पानापानावर भेटतो. एकेकटं पुस्तक वाचणाऱ्याला भेटत नाही, असं माझं मत झालंय. संपादकांनी या अंकाला कविता मागितली होती. कविता झाली नाही, हे झालं.

मी सोलापुरात एका सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. तिसरी पाळी मागून घेतो, रात्री अकरा ते सकाळी सात. सुटलं की अंगावरचा कापूस झटकायचा, आंघोळ करायची, भाकरी खायची आणि नऊला एलएल.बी.च्या वर्गात बसायचं. दहावीनंतर शाळा सुटली ती पोटामुळं. बारावी बाहेरून केली, बी.ए. मुक्त विद्यापीठातून, आणि इंग्रजी डिक्शनरीतून. कायद्याच्या तीन वर्षांच्या कोर्सची सीईटी दिली, २०२३ ला नंबर लागला. बार कौन्सिलचा नियम आहे, सत्तर टक्के हजेरी पाहिजे. गिरणीत मस्टर, कॉलेजात मस्टर. झोप तेवढी बिनमस्टरची.

खात्यात पुस्तक न्यायला बंदी. म्हणून पानांची झेरॉक्स काढायची, चार घड्या घालून खिशात ठेवायची. बॉबिना भरेपर्यंत जो वेळ मिळतो त्यात रिकाम्या क्रेटवर बसून एक घडी उघडायची. धागा तुटला की उठायचं, जोडायचा, परत बसायचं. त्यामुळं माझा सगळा कायदा पाव पाव पानानं झालाय. मशिनीच्या आवाजात कलम डोक्यात बसायला वेळ लागतो, पण बसलं की हलत नाही.

दुसऱ्या वर्षी ऐच्छिक विषय निवडायचा होता. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ऐच्छिक विषयांचे गट दिलेत, त्यातला एक गुन्हे आणि गुन्हेगारीशास्त्र यांचा. नुसत्या गुन्हेगारीशास्त्राची वेगळी पदवीही असते. मध्य प्रदेशात सागर विद्यापीठात १९५९ मध्ये त्याचा विभाग निघाला. ते विद्यापीठ ज्यांनी उभं केलं ते हरिसिंग गौर स्वतः वकील, पीनल कोडवर जाडजूड ग्रंथ लिहिणारे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हा विषय समाजकार्याच्या अंगानं शिकवतात. पण लॉ चालू असताना दुसरी नियमित पदवी करायला त्याच नियमांची मनाई आहे. म्हणजे आमच्यासारख्याला गुन्हेगारीशास्त्र मिळणार ते कायद्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून. एका पेपरापुरतं.

बहुतेकांनी दुसरा विषय घेतला. त्यात मार्क पडतात म्हणे. मी फॉर्मवर गुन्हेगारीशास्त्र लिहिलं तर शेजारचा एक जण हसत म्हणाला, "तुला काय अवघड? तुमच्याकडं प्रॅक्टिकल घरचंच असतंय की." चांगल्या घरचा पोरगा. वाईट बोलतोय असं त्याला वाटलंही नसेल. हा विषय घेण्याचं याहून मोठं कारण मला नंतर शोधूनही सापडलं नाही.

पहिल्याच आठवड्यात लोंब्रोसो भेटला. इटलीतला डॉक्टर. १८७६ मध्ये त्याचं पुस्तक आलं, गुन्हेगार माणसावरचं. माणूस जन्मतःच गुन्हेगार असतो आणि ते अंगावर दिसतं, असं त्याचं म्हणणं. मागं उतरतं कपाळ, मोठा जबडा, लांब हात, मोठे कान. आणि गोंदण. गोंदणावर त्याचा फार डोळा. रानटी माणसाची खूण ती गुन्हेगाराच्या अंगावर परत उगवते, असं तो म्हणायचा.

मी क्रेटवर बसून हे वाचत होतो. माझ्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर, दोन्ही दंडांवर गोंदण होतं. मेल्यावर बरोबर काय येतं, तर गोंदण तेवढं येतं, असं ती म्हणायची. खात्यातल्या निम्म्या पोरांच्या मनगटावर 'जयभीम' गोंदलंय. लोंब्रोसोला आमच्या पाळीला एक चक्कर मारायला लावली असती तर त्यानं अख्खं खातं आत टाकलं असतं.

सर सांगतात, हे मत खोडलं गेलंय, पाच मार्कांना येतं. खरं आहे. इंग्लंडात गोरिंगनं तीनेक हजार कैद्यांची मापं घेतली, कैदी नसलेल्या माणसांच्या मापांशी ताडून बघितली आणि १९१३ मध्ये पुस्तक छापलं. गुन्हेगाराचा म्हणून वेगळा देह नसतो, हे त्यानं आकडे घालून दाखवलं. पण तारखा शेजारी शेजारी मांडा. १९१३ मध्ये विलायतेत मत खोडलं गेलं. आणि १९२४ मध्ये इथं, हिंदुस्थानात, गुन्हेगार जमाती कायदा नव्यानं, अधिक पक्का करून लिहिला गेला. शास्त्र पुढं गेलं, कायदा आमच्या अंगावर बसून राहिला.

त्या कायद्याची सुरुवात १८७१ ची. लोंब्रोसोच्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधीची. म्हणजे हे खूळ आम्ही इटलीतून आणलं असं कोणी म्हणू नये. त्याला लागणारा माल इथंच तयार होता. कायदा मांडणाऱ्या साहेबांचा युक्तिवाद काय, तर या देशात धंदा जातीवर चालतो. सुताराचा पोरगा सुतार, विणकराचा पोरगा विणकर, तसा चोराचा पोरगा चोर. मनूचं गणित साहेबानं सोडवलं आणि खाली सरकारी शिक्का मारला.

विणकराचं उदाहरण वाचून मला गंमत वाटली. कारण मुंबईच्या कापड गिरण्यांत आमच्या बापजाद्यांना विणकामाच्या खात्यात शिरूच देत नव्हते. धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, मग अस्पृश्याची थुंकी लागली तर धर्म बुडायचा. म्हणून आम्ही कातकामाच्या खात्यात, रिंगवर. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांसमोर उभा केला होता. तेव्हा जात धंदा देते हेही खोटं. जात धंदा तोडते, आणि मग विचारते, पोट कशावर भरतोस?

आता कायद्याचं पुस्तक उघडतो. १८७१ मध्ये सरकारचा कायदा सदस्य होता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. मोठा कायदेपंडित. पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, पुराव्याचा कायदा आला, तो त्याच्या हातचा. त्या कायद्यात कलम ५४ होतं. आरोपीची चालचलणूक वाईट आहे ही गोष्ट फौजदारी खटल्यात विचारात घ्यायची नाही, आरोपीनं स्वतः आपल्या चांगुलपणाचा पुरावा दिला तरच ती उघडायची. काय सुंदर कलम आहे! १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा कायदा बदलला, भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हे कलम आहेच, आता ४९ नंबरला. म्हणजे एकाच माणसाच्या कारकिर्दीत दोन कायदे झाले. एक म्हणतो, एका आरोपीचंसुद्धा चारित्र्य काढू नका. दुसरा म्हणतो, अख्ख्या जमातीचं चारित्र्य वाईट असं गॅझेटात छापा.

हे मला कायद्याच्या वर्गात कोणी सांगितलं नाही, कारण तिथं १८७१ चा कायदा नाही, तो रद्द झालाय. गुन्हेगारीशास्त्राच्या वर्गात सांगितलं नाही, कारण तिथं पुराव्याचा कायदा नाही, तो दुसऱ्या पेपरात आहे. दोन घड्या एकाच खिशात होत्या म्हणून कळलं.

सोलापूरच्या माणसाला हा इतिहास पुस्तकात वाचावा लागत नाही. गावात सेटलमेंट आहे. रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हटलं की तो बरोबर नेतो. पुढं 'फ्री कॉलनी' हे शब्द जोडले गेले, पण बोलताना कोणी म्हणत नाही. इंग्रजांच्या अमलात तिथं तारेचं कुंपण होतं. कैकाडी, भामटे, पारधी, टकारी असे लोक बायकापोरांसह आत, आणि हजेरी. आतली माणसं गावातल्या कापड गिरण्यांत कामाला जायची. सकाळी तारेतून गिरणीत, संध्याकाळी गिरणीतून तारेत. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. त्या गिरण्याही आता बंद पडल्यात. तार गेली, गिरणी गेली, नाव राहिलं.

आणि कायदा गेला म्हणतात तर मागं दुसरा आला, १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा. जमातीचं नाव काढलं, 'सराईत' हा शब्द ठेवला. कायद्यानं बघायचं तर सराईत ठरायला त्या माणसाला स्वतःला शिक्षा झालेल्या असाव्या लागतात. पण पेपरात बातमी वाचा. दुपारी पकडलेला पोरगा संध्याकाळच्या बातमीत सराईत झालेला असतो.

बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, त्यात अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती या तिघांना एका ओळीत उभं केलं आणि ही कसली संस्कृती म्हणून विचारलं. तिघं एका ओळीत. आपल्या वस्तीत मात्र ही ओळ मोडते. माझी आई बाबासाहेबांच्या फोटोला हार घातल्याशिवाय चहा घेत नाही. तीच म्हणते, "सेटलमेंटच्या पोरांच्या नादाला लागू नगंस, ते लोक चोर असतेत." आई, हे तुला कोणी सांगितलं? तर म्हणते, "सगळ्यांला ठावं हाय." लोंब्रोसो आपल्या घरात दगडी चूल मांडून बसलाय, दोस्तहो, आणि आपण त्याला भाकरी वाढतोय. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ मध्ये आलं. तो माणूसही सूतगिरणीत राबलेला. आपल्यातल्या किती जणांनी ते वाचलं, आणि वाचून किती जणांनी सेटलमेंटमध्ये पाणी पिलं, हे ज्यानं त्यानं बघावं.

आता मधल्या काळात कायद्याचं एक वेगळंच झालं. पहिल्या वर्षी मी जुन्या बाजारातून पीनल कोड घेतलं, पाठ केलं, आणि १ जुलै २०२४ ला ते मोडीत निघालं. भारतीय न्याय संहिता आली. चोरीचं ३७९ होतं ते ३०३ झालं. खुनाचं ३०२ ते १०३ झालं. ठकबाजीचं ४२० ते ३१८ झालं, पण वस्तीत चारसोबीस माणूस चारसोबीसच राहिला. जुन्या कोडात 'ठग' नावाचं कलम होतं, ३१०, इंग्रजांच्या काळचं, ते ३० जून २०२४ पर्यंत जिवंत होतं. नव्यात काढलं. बरं झालं. पण त्याच नव्या संहितेत ११२ नंबरला टोळीनं केलेले किरकोळ संघटित गुन्हे आले, चोरी, हिसकावणं, तिकिटांचा काळाबाजार, जुगार, आणि शिक्षा कमीत कमी एक वर्ष ते सात वर्षं. टोळी कोणाला म्हणणार? पालावर चार भाऊ एकत्र राहतात, ती टोळी का कुटुंब? हे शेवटी ठरवणार कोण, तर परत तोच, राहायला कुठं विचारणारा.

सगळी कलमं नव्यानं लावताना एका रात्री माझ्यासमोर दोन घड्या आल्या. कलम ३०६ आणि कलम ३१६.

३०६ म्हणजे नोकरानं मालकाच्या ताब्यातल्या वस्तूची केलेली चोरी. मी रिंग खात्यातून एक कोन सूत पिशवीत घालून नेलं तर हे कलम. शिक्षा सात वर्षांपर्यंत. साधी चोरी तीन वर्षांपर्यंत, पण मालकाच्या घरची चोरी सात.

३१६ म्हणजे विश्वासघात. त्याला एक स्पष्टीकरण जोडलंय, जुन्या ४०५ ला १९७३ मध्ये जोडलेलं, तेच इकडं आलं. मालकानं कामगाराच्या पगारातून प्रॉव्हिडंट फंड कापला आणि फंडात भरला नाही, तर त्यानं विश्वासानं ठेवायला दिलेला पैसा बेइमानीनं वापरला असं धरायचं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. फंडाच्या कायद्यात वेगळी शिक्षा आहे, ती आहेच. पण संहितेत बघा. नोकरानं विश्वासघात केला तर त्याच ३१६ मध्ये खाली सात वर्षं. मालकानं केला तर वर पाच.

मोबाइलवर फंडाचं पासबुक निघतं. माझ्या पगारपत्रकावर चौदा महिने फंड कापलेला आहे. पासबुकात ते चौदा महिने नाहीत. पाळीत आम्ही किती जण, प्रत्येकाचे किती, हे मी घडीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं मांडलं. आकडा इथं देत नाही, कारण अर्ज दिलाय. एवढंच सांगतो, की तेवढ्या रकमेचं सूत पिशवीतून न्यायचं तर मला म्हातारा होईपर्यंत रोज रात्री चोरी करावी लागेल.

आणि इथं गुन्हेगारीशास्त्राच्या पुस्तकानं हात दिला. सदरलँड नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. त्यानं १९३९ मध्ये समाजशास्त्रज्ञांच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून भाषण केलं आणि म्हणाला, तुम्ही गुन्ह्याचं कारण गरिबीत शोधता, कारण तुम्ही कैदी मोजता. कोट-टायवाला तुरुंगात जातच नाही, मग तुमच्या मोजणीत येणार कसा? पांढरपेशी गुन्हेगारी हा शब्द त्याचा. १९४९ मध्ये पुस्तक आलं. ७० बड्या कंपन्या घेतल्या, त्यांच्याविरुद्ध कोर्टांनी आणि सरकारी मंडळांनी दिलेले निर्णय मोजले. ९८० निघाले. त्यानं असंही दाखवलं, की अमेरिकेत बऱ्याच राज्यांत चार शिक्षा झालेल्याला सराईत म्हणतात, त्या मापानं यातल्या कितीतरी कंपन्या सराईत.

पण गोष्ट पुढं आहे. प्रकाशक घाबरला. कंपन्या खटला भरतील म्हणाला. सगळी नावं काढून टाकली आणि मग पुस्तक छापलं. नावांसकट पुस्तक यायला १९८३ उजाडलं. तोवर सदरलँड जगात नव्हता.

हे वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. दोन धागे तुटले, जॉबर ओरडला, तरी बसलो. जमातींची नावं सरकारनं गॅझेटात छापली, कोणी विचारलं नाही की हे लोक अब्रूचा खटला भरतील का. ज्यांच्याविरुद्ध ९८० निर्णय लागले त्यांची नावं चौतीस वर्षं झाकली. आणि मीही इथं माझ्या गिरणीचं नाव लिहिलेलं नाही. संपादकांचं सायक्लोस्टाइल मशीन आणि माझी नोकरी, दोन्ही टिकायला पाहिजे. बघा, कोणाचं नाव लिहायचं आणि कोणाचं नाही हे कसं आपोआप ठरतं ते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये गिरणीच्या गोडाऊनमधून तांब्याची तार गेली. जुन्या मोटारींची. रात्रीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस आले, ठेकेदाराकडून कामगारांच्या पत्त्यांची यादी घेतली आणि तीन पोरं उचलली. त्या रात्री गोडाऊनशी ज्यांचा संबंध होता असे नऊ-दहा जण होते. उचललेल्या तिघांपैकी दोघं त्या रात्री कामावरसुद्धा नव्हते. तिघांचा पत्ता तेवढा एक. सेटलमेंट.

त्यातला एक माझ्या बाजूचा डॉफर. भरलेल्या बॉबिना काढून रिकाम्या चढवायच्या, हे त्याचं काम. एवढा झपाट्यानं करतो की बघत राहावं. त्याचा आजा तारेच्या आत जन्मलेला.

मी पाळी सुटल्यावर सकाळी चौकीत गेलो. खिशात घड्या होत्या. त्यात एक सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची, ३ ऑक्टोबर २०२४ चा, सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार. सुकन्या शांता या पत्रकार. तुरुंगात जातीवर कामं वाटतात, झाडू कोणाला, स्वयंपाक कोणाला, हे त्यांनी लिहून बाहेर काढलं आणि कोर्टात गेल्या. कोर्टानं ते नियम घटनाबाह्य ठरवले, तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढा म्हटलं. आणि त्यातच पोलिसांना सांगितलं, अर्नेशकुमार खटल्यातली २०१४ ची अटकेबाबतची बंधनं पाळा, विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीनं धरू नका. ही ओळ मी लाल पेन्सिलीनं अधोरेखित केली होती.

साहेब म्हणाले, "कोण तू?"

"कामावरचा जोडीदार."

"अटक केलेली नाही त्यांना. चौकशीला आणलंय."

"मग साहेब, जाऊ द्या त्यांना. नोटीस द्या, पस्तीस-तीनची. बोलवाल तेव्हा येतील."

त्यांनी वर बघितलं. "लॉ करतोस?"

"हो."

"कुठं राहतोस?"

मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जसं काही एक गणित सुटलं.

"साहेब, यांनाच का आणलं?"

"रेकॉर्डवरचे आहेत."

"कसलं रेकॉर्ड? या पोराला कधी शिक्षा झालेली नाही."

"याच्या आज्यापासूनचं," ते म्हणाले. रागानं नाही. माहिती म्हणून.

नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५८ आहे, चोवीस तासांच्या वर कोणाला ठेवता येत नाही. पण तास कधीपासून मोजायचे? अटक दाखवल्यापासून. अटक दाखवलीच नाही तर घड्याळच चालू होत नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही, मी तिथल्या बाकावर बसून शिकलो. दुपारी आमचे गुन्हेगारीशास्त्राचे सर आले, ते कोर्टात वकिली करतात. कोट घालून आले. कोट बघून खुर्ची मिळाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघांना सोडलं. कुठंही सही नाही, नोंद नाही. डॉफर चालत होता ते टाचांवर. मी विचारलं. म्हणाला, "पडलो."

तार सापडली नाही. ठेकेदारानं तिघांना गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. कागद दिला नाही.

पेपर मार्चमध्ये होता. एक प्रश्न लेबलिंगच्या सिद्धांतावर होता, एखाद्याला गुन्हेगार म्हणत राहिलं की समाज त्याला तसाच वागवतो आणि त्याला दुसरी वाट उरत नाही. मी मराठीत आठ पानं लिहिली. दहा मार्कांना आठ पानं जास्त होतात, माहीत आहे. त्यात २०१९ चा निकाल घातला. जून २००३ मध्ये दरोडा, खून आणि बलात्काराचा गुन्हा घडला, त्यात भटक्या जमातीतले सहा जण धरले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, सरकारनं प्रत्येकी पाच लाख द्यावेत म्हटलं. गुन्हा झाल्यापासून सोळा वर्षं. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती, आणि शंभरात पंचाहत्तरांहून जास्त जण अजून खटला चालू असलेले. म्हणजे ज्यांनी गुन्हा केला हे अजून ठरलेलं नाही असे. गुन्हेगारीशास्त्रवाला तुरुंगात जाऊन कैद्यांचा अभ्यास करतो तेव्हा तो नेमका कोणाचा अभ्यास करतो, हे मी उत्तरपत्रिकेतच विचारलं. मार्क बरे पडले.

डॉफर आता एका टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर बदली म्हणून जातो. संध्याकाळी कधी कधी माझ्याकडं येतो. त्याला कलमात रस नाही. त्याचा एकच प्रश्न, "ते रेकॉर्ड दिसतंय कसलं बे? वही असती का कॉम्प्युटर?" मला सांगता आलं नाही. बघायला पाहिजे म्हटलं.

म्हणून त्याच्या नावानं माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिला, दहा रुपयांचं तिकीट लावून. माझं नाव आपल्या कोणत्या नोंदवहीत आहे, कोणत्या तारखेला घातलं, कोणत्या गुन्ह्याखाली, कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीनं. चार ओळी. त्यानं स्वतःच्या हातानं सही केली, अक्षर मोठं, रेषेच्या बाहेर गेलेलं. तीस दिवसांनी उत्तर आलं, तपासाला बाधा येईल म्हणून माहिती देता येत नाही. कसला तपास ते लिहिलेलं नाही.

पहिलं अपील परवा टाकलं. त्याला वीस रुपयांचं तिकीट लागतं. दहा त्यानं काढले, दहा मी.